हो मॅडम

गणपती उठून आठवडा झाला होता. दुपारचा एक वाजून गेलेला. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या कार्यालयाची खिडकी विद्यार्थ्यांसाठी अकरा ते एक उघडी असते. मी 'बंद'ची पाटी फिरवायला हात पुढे केला, तेवढ्यात काचेतल्या अर्धगोल भोकातून एक हात आत आला. करोनानंतर या खिडकीला काच बसली. बसवणाऱ्याने भोक टेबलाच्या उंचीवर ठेवलं, कागद सरकवायला सोपं जावं म्हणून. पण बोलायचं असलं तर मुलांना वाकावं लागतं आणि मुलं वाकली की मला चेहरा दिसत नाही. शर्टाची दोन बटणं दिसतात, हनुवटी दिसते आणि हात दिसतो. या हाताच्या मनगटावर राखीचा रंग उडालेला धागा होता. अंगठ्याच्या कडेला चिकटपट्टीचा डिंक बसून काळा पडला होता. मुठीत कुठल्याशा कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती, गाठ मारून घट्ट बांधलेली.

"मॅडम, फॉर्म परत आलाय."

"कुठला? महाडीबीटीचा, शिष्यवृत्तीचा?"

"हो मॅडम."

"पोर्टलवर रिमार्क दिसेल. तो वाच, काय मागितलंय ते अपलोड कर आणि परत सबमिट कर. मोबाईलवर ओटीपी येईल. तारीख संपायच्या आत कर."

"हो मॅडम."

हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग पिशवीसकट मागे गेला. मी पाटी फिरवली, डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत जेवले. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. प्रत्येक शब्द बरोबर होता आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा मी तेच शब्द त्याच क्रमाने म्हणते.

रात्री कळव्याला घरी गवार निवडत बसले होते, तेव्हा तो 'हो' परत ऐकू आला. पहिला 'हो' उत्तराचा होता. फॉर्म महाडीबीटीचाच होता, म्हणून हो. दुसरा तसा नव्हता. समोरचं माणूस घाईत आहे, आपल्याला काही उमगलेलं नाही, पण पुन्हा विचारलं तर ते चिडेल, तेव्हा निघावं, असा तो 'हो' होता. शेवटी जरासा खाली गेलेला. मला तो ओळखता यायला हवा होता, कारण एकेकाळी मी स्वतः तसाच 'हो' म्हटलेला आहे.

१९८८ साली ठाण्यातल्याच एका महाविद्यालयात मी अकरावी-बारावी करून पदवीच्या पहिल्या वर्षाला आले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि त्या वर्षी कारखान्यात टाळेबंदी चालू होती. ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची, सवलत मिळाली तर फी भरावी लागणार नव्हती. खिडकीवरच्या बाबूंनी एका दमात सांगितलं: फॉर्म तीन प्रतींत, उत्पन्नाचा दाखला मामलेदाराचा, रेशनकार्डाची अटेस्टेड कॉपी, मागच्या वर्षीचं मार्कशीट, पंधरा तारखेच्या आत. मी म्हटलं, हो सर. 'अटेस्टेड' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. दाराशी जाऊन थांबले, तर आतून कुणीतरी हाक मारली, "ए मुली, इकडे ये."

ते आमचे हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. टेबलावर गोंदाची बाटली, टाचण्यांची डबी आणि शाईने कडा जांभळ्या झालेलं स्टॅम्पपॅड. त्यांनी मला समोर उभं केलं आणि विचारलं, "आता सांग बघू, काय कळलं तुला?" मला फक्त 'मामलेदार' आठवत होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू घेतली आणि निळ्या पेनने एकाखाली एक लिहून दिलं, कुठे जायचं, काय न्यायचं, कुणाची सही आणायची. खाली लाल पेनने तारीख. "हे वडलांना दाखव. आणि अडलीस तर परत इथेच ये, घरी रडत बसू नकोस." त्या कागदावर मागून 'कोणतेही तीन प्रश्न सोडवा' हे छापील वाक्य उलटं उमटलेलं दिसत होतं. पुढे दोन दिवस आम्ही बापलेक मामलेदार कचेरीत रांगेत उभे राहिलो. शेजारच्या मिसळीचा वास रांगेपर्यंत यायचा. दुसऱ्या दिवशी दाखला हातात पडला, तेव्हा वडलांनी एक मिसळ घेतली, दोघांत. मला तिखट लागून डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांना वाटलं मी रडतेय.

भाऊंची आणखी एक गोष्ट मला पुढे, याच पेशात आल्यावर कळली. परीक्षेच्या फॉर्मची तारीख जवळ आली की ते हजेरीपटावरून न आलेल्या मुलांची नावं काढत आणि प्रत्येकाच्या घरी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकत. 'परीक्षेचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख अमुक. येऊन भेटणे.' इतकाच मजकूर. हे त्यांचं काम नव्हतं आणि त्याचं कुठलंही रजिस्टर नव्हतं. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या खेड्यांत ती कार्डं जात. त्यातली किती मुलं परत आली याची मोजदाद कुणी केली नाही.

पण त्या काळाच्या आठवणीत रमून जाऊ नये असं मी स्वतःला बजावते, कारण त्याच कार्यालयातून आणखी एक कागद निघायचा. आमच्या वर्गात तास चालू असताना शिपाई मामा दारात यायचे, हातात नोटिशीचं रजिस्टर. सर वाचायचे, 'खालील मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसंदर्भात कार्यालयात भेटावे.' मग रोल नंबर. शंभर मुलांच्या वर्गात एकेक नंबर वाचला जायचा आणि माना वळायच्या. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण किसननगरची होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं. मामा दारात दिसले की तिचं पेन खाली पडायचं. मला वाटायचं, हिच्या हातात जोरच नाही. किती वर्षांनी, तिच्या मुलीच्या लग्नात, तिने सांगितलं, "अगं, मी मुद्दाम पाडायचे. उचलायला बाकाखाली जाता यायचं ना." भाऊंच्या पाठकोऱ्या कागदाची आठवण आली की मी हे पेनही आठवून घेते. दोन्ही एकाच कार्यालयातलं आहे.

म्हणून शिष्यवृत्तीचं काम पोर्टलवर गेलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आता कुणाचा नंबर वर्गात वाचला जात नाही. मुलगा कुठेही बसून अर्ज भरतो. पैसे कॉलेजच्या चेकवर अडकत नाहीत, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अर्ज कधी आला, कुणाकडे किती दिवस पडून राहिला, याची नोंद राहते. पूर्वी फाईल कपाटाच्या कुठल्या खणात आहे हे ज्याला माहीत, त्याचीच सत्ता चालायची. ती सत्ता गेली हे चांगलंच झालं. मी हे तोंडदेखलं म्हणत नाही. तीन प्रतींत फॉर्म तपासून माझ्या बोटांना घट्टे पडलेले आहेत.

तरी खिडकीवरची गर्दी कमी झाली नाही, फक्त गर्दीतले प्रश्न बदलले. गेल्या वर्षी दिव्याहून येणारी एक मुलगी पाच वेळा आली. पोर्टलवर 'रक्कम वितरित' असं दिसत होतं आणि तिच्या पासबुकात काही नव्हतं. ती बँकेत जायची, बँक म्हणायची कॉलेजात विचारा. आम्ही म्हणायचो बँकेत विचारा. शेवटी एका शिपायाच्या ओळखीतल्या बँक कर्मचाऱ्याने सांगितलं, कुणाचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय याची नोंद ठेवणाऱ्या एनपीसीआयमध्ये तिचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं आहे. आजोळी असताना मामाने तिच्या नावाचं एक खातं उघडलं होतं, आजोळाजवळच्या गावातल्या ग्रामीण बँकेत. शेवटचं आधार तिथे जोडलं गेलं, म्हणून पैसे तिथे गेले. पैसे चोरीला गेले नव्हते. सातशे-आठशे किलोमीटरवर तिची वाट बघत पडले होते. ती हसली, मग तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडली. कारण त्या पाच महिन्यांत तिच्या वडलांनी व्याजाने पैसे घेतले होते.

आणि एक मुलगा होता, वाल्मीकी वस्तीतला. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात फीचा भागही असतो, तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा. हेतू चांगला आहे, मुलाचे पैसे मुलाच्या हातात. पण त्याच्या खात्यात ते आले, त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. पैसे कुठे जाणार होते? दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या यादीत त्याच्या नावापुढे 'फी थकीत' लागलं. तो कॉलेजात यायचा, पण कार्यालयासमोरून जायचं नाही म्हणून मागच्या जिन्याने वर चढायचा. हे मला शिपायाने सांगितलं. पोर्टलवर त्याचा अर्ज पूर्ण झालेला दिसतो, हिरव्या अक्षरांत.

आमचं मुंबई विद्यापीठ केवढं आहे याचा मी कधी कधी विचार करते. १८५७ साली स्थापन झालेलं, मुंबई, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, असे सात जिल्हे आणि आठशेच्या वर महाविद्यालयं. सावंतवाडीच्या मुलाचा आणि कसाऱ्याच्या मुलीचा निकाल एकाच छपराखालून निघायचा. माझ्या वेळी नावातली एक वेलांटी दुरुस्त करायची तर ठाण्याहून कुर्ला, कुर्ल्याहून बस, आणि कलिन्याला परीक्षा भवनात दिवसभर उभं राहणं. आता बाळकुमला विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर आहे. कोलशेतकडे जाताना बसमधून ती इमारत दिसते तेव्हा मला अजूनही अप्रूप वाटतं, विद्यापीठ चालत आपल्या गावात आलं. कागद मुलांच्या मोबाईलमध्ये आले. हे सगळं झालं ते कुणीतरी कष्ट घेतले म्हणून झालं. आणि त्याच विद्यापीठात २०१७ साली सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं एका हंगामात ठरलं, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. यंत्र आणलं की काम बदलतं, पण ते यंत्र चालवणाऱ्या आणि त्यापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला वेळ द्यावा लागतो. सबंध राज्याने हे त्या वर्षी पाहिलं.

त्या सुमारास कायदाही बदलला होता. २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला आणि ज्याला आम्ही इतकी वर्षं 'विद्यार्थी कल्याण' म्हणत होतो ते 'विद्यार्थी विकास' झालं. पाटी रंगवणारा आला होता तेव्हा मीच त्याला नवा शब्द लिहून दिला. 'कल्याण' शब्दात कुणीतरी वरून हात ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून तो बदलला असेल, आणि बरोबरच आहे. मूल काही कुणाच्या दयेवर शिकायला येत नाही. पण 'विकास' म्हटलं की मूल स्वतःच्या पायावर धावायला तयारच आहे असं आपण धरून चालतो. ज्याच्या पायात काटा आहे त्याचं काय, हा प्रश्न दोन्ही शब्दांत बसत नाही.

आधाराची सोय कागदावर कमी नाही, हे मी जबाबदारीने सांगते. तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनी प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमायला लावलं, समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असं बंधन घातलं. आमच्या भिंतीवर त्या समितीची पाटी आहे. मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर आहे, प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीक मुलं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी त्या बैठकांचे जिओटॅग फोटो मी स्वतः फाईलला लावले आहेत, अक्षांश-रेखांशासकट. त्यातले कित्येक प्राध्यापक खरंच मुलांसाठी जीव टाकतात. पण ज्या मुलाने पिशवीची गाठ न सोडता 'हो मॅडम' म्हटलं तो समितीकडे कशाला जाईल? त्याची तक्रारच नाही. चूक आपलीच झाली असं त्याला वाटतंय. तक्रार करायलासुद्धा आधी आपल्याला काहीतरी मिळायला हवं होतं याची खात्री असावी लागते.

आमच्याकडे २०२४-२५पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदम नवी बाराखडी शिकावी लागली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी. विषय पूर्ण केल्यावर मिळणारी क्रेडिट जमा करायची बँक, तिचा बारा आकडी क्रमांक. एक वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी, चौथ्याला ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत शिल्लक राहतात. म्हणजे घरची अडचण आली, सोडून जावं लागलं, तर केलेलं वाया जात नाही, परत येता येतं. माझ्या पिढीतल्या किती मुलींची लग्नं दुसऱ्या वर्षात झाली, त्यांना हे मिळायला हवं होतं. मी या कलमाच्या बाजूने आहे. फक्त जाणाऱ्या मुलाला 'एक्झिट' असा एक पर्याय स्क्रीनवर दिसतो, तेव्हा पूर्वी जसं भाऊंना हजेरीपटावर रिकामी चौकट दिसायची आणि ती त्यांना खुपायची, तसं आता कुणाला खुपेल का? एक्झिट ही रीतसर गोष्ट झाली. रीतसर गोष्टीसाठी कुणी पोस्टकार्ड टाकत नाही.

महाराष्ट्रात मुलांना शिकताना आधार द्यायचं हे काम सुरू झालं ते स्वयंपाकघरापासून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला रयत शिक्षण संस्था उभी केली, आणि बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. 'कमवा आणि शिका' त्यातूनच आलं. मुलाला शिकवायचं तर ते जेवलं का हे आधी बघावं लागतं, हे त्या बाईंना कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या कार्यालयात पूर्वी अकरा माणसं होती. आज पाच आहोत, त्यांतली दोघं कंत्राटी. मुलं मात्र दुप्पट झाली. मी थकते हे खरं आहे. जेवायची वेळ झालेली असते हेही खरं. पण त्या दुपारी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, भाऊंचं, आणि त्याला पाच सेकंदं लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधायला लागले. पण शोधणार कसं? चेहरा पाहिला नव्हता. नाव विचारलं नव्हतं. राखीचा धागा आणि अंगठ्याचा डिंक, एवढ्यावर पहिल्या वर्षाच्या चारशे मुलांतून एक मुलगा कसा काढायचा? शेवटी पोर्टल उघडलं आणि माझ्या लॉगिनमधून परत पाठवलेले अर्ज काढले. त्रेचाळीस निघाले. प्रत्येकापुढे रिमार्क. आणि तो रिमार्क बघून मी खुर्चीत मागे टेकले. त्रेचाळीसपैकी एकोणतीस अर्जांवर एकच वाक्य होतं, इंग्रजीत, उत्पन्नाचा दाखला वैध नाही, पुन्हा जोडा, अशा अर्थाचं. एकदा टाईप करून मीच ते पुढे चिकटवत गेले होते. कुठल्या वर्षाचा दाखला हवा, चालू दाखला कुठे मिळतो, काही नाही. आश्रमशाळेतून मराठीत शिकून आलेल्या मुलाला मी सांगितलं होतं, रिमार्क वाच.

मग फोन करायला बसले. जेवणाच्या सुट्टीत रोज सात-आठ. पहिल्याच दिवशी कळलं की पाच जणांचा नोंदवलेला मोबाईल नंबर एकच आहे. तो एका सायबर कॅफेवाल्याचा होता. अर्ज त्याने भरले, नंबर स्वतःचा टाकला, पासवर्डही त्याच्याकडेच. अर्ज परत आल्याचा मेसेज त्याला गेला होता, मुलांना नाही. तो काही वाईट माणूस नव्हता. "मॅडम, पोरांकडे रिचार्ज नसतो, ओटीपी यायचा राहतो, म्हणून मी माझा टाकतो," म्हणाला. काही फोन बंद. एक मुलगी म्हणाली, मी सोडलं कॉलेज. का, विचारलं तर म्हणाली, असंच. 'असंच'च्या पुढे मला जाता आलं नाही. तिचा नंबर मी डायरीत लिहून ठेवला आहे आणि अजून तिला परत फोन केलेला नाही.

चौथ्या दिवशी, शहापूर तालुक्यातल्या एका नंबरवर बाईचा आवाज आला. मुलगा झोपलाय म्हणाली, रात्रपाळी करून आलाय, भिवंडीला गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम धरलंय. मला तो डिंक आठवला. मी म्हटलं, उठवू नका, उठला की या नंबरवर फोन करायला सांगा. संध्याकाळी फोन आला. "मॅडम, मी आलो होतो खिडकीवर." मी म्हटलं, "माहीत आहे मला. शनिवारी ये. मी बसलेली असेन, कितीही वाजू देत."

तो आला तेव्हा पावसाची जोराची सर येऊन गेली होती. खिडकीकडे वाकायला लागला, तर मी आतून हाक मारून त्याला दाराने आत घेतलं. चांगला उंच मुलगा. दारात चपला काढायला लागला, मी नको म्हटलं तरी काढल्या. माझ्या शेजारी खुर्ची ओढून दिली, तर कडेवर टेकून बसला. तीच पिशवी. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दाताने सोडवावी लागली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले कागद, एकावर एक, कोपरेही न दुमडलेले. जातीचा दाखला, बारावीचं मार्कशीट, रेशनकार्ड. आणि सगळ्यांत वर उत्पन्नाचा दाखला. चालू वर्षाचा, तहसीलदारांच्या सहीचा. वर तारीख होती, ऑगस्टची.

"हा त्या दिवशी होता तुझ्याजवळ?"

"हो मॅडम. पिशवीतच होता. बाबांनी तीन खेपा घालून आणला. फॉर्म भरताना नव्हता, म्हणून मागचा लावला."

मला पुढे काही बोलता येईना. मी कागद स्कॅनरवर ठेवला. फाईल मोठी झाली, २५६ केबीच्या आत बसवायला दोनदा लहान करावी लागली. तो माझ्या बोटांकडे बघत होता. मी प्रत्येक पायरी त्याला सांगत होते आणि मधेच थांबून विचारत होते, आता तू सांग, मी काय केलं? पहिल्यांदा लाजला. मग सांगायला लागला, आणि एका ठिकाणी त्यानेच मला थांबवलं, "मॅडम, तो आकडा सात आहे, एक नाही." खरंच सात होता.

ओटीपी यायला वेळ लागत होता. बाहेर वाहत्या पन्हाळीचा आवाज. त्याने पासवर्ड स्वतःच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतला, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. मग पडद्यावरच्या जुन्या रिमार्ककडे बोट दाखवून म्हणाला, "हे कम्प्युटर आपोआप लिहितो ना मॅडम? मी घरी तेच सांगितलं, कम्प्युटरने नाही म्हटलं."

"नाही रे. ते मी लिहिलं होतं. अर्ज मीच परत पाठवला."

तो बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिला.

"पण मग मॅडम, मी तर इथेच आलो होतो ना. तुमच्यासमोरच."

मोबाईल वाजला. त्याने ओटीपीचे सहा आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली, एकेक, सावकाश. मी भरत गेले.